परसदारचा शिंजीर

माघ सरत आला आणि रात्रीचा गारठा ओसरू लागला, म्हणजे पांढुर्णा व सौंसर या भागातील परसबागांत एका पक्ष्याची ये-जा एकाएकी नजरेत भरू लागते. आकाराने तो चिमणीहूनही लहान, जेमतेम चार इंचांचा. वजन दहा ग्रॅमही भरावयाचे नाही. चोच बारीक, लांब आणि किंचित खाली वाकलेली. सावलीत तो निव्वळ काळा दिसतो. पण उन्हात मान वळवताच त्याच्या कंठावरून निळी, जांभळी, क्वचित हिरवट अशी झळाळी सरकून जाते. जास्वंदीच्या झुडपावर तो एका जागी क्षणभरही ठरत नाही. घरातील शाळकरी मुले त्याला पाहून ‘हमिंगबर्ड आला’ असे ओरडतात, आणि वडील माणसेही हातातील फोन सावरीत त्याचे छायाचित्र टिपावयास धावतात.

या नावात चूक आहे. ती फार मोठी नव्हे, परंतु तिच्यामुळे दारच्या पक्ष्याकडे दुसऱ्याच कोणाचा तरी प्रतिनिधी म्हणून पाहण्याची सवय जडते. हमिंगबर्ड हा पक्षी भारतात नाही. आशियात नाही, युरोपात नाही आणि आफ्रिकेतही नाही. त्याच्या साडेतीनशेंहून अधिक जाती आहेत आणि त्या सर्व अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत पसरलेल्या दोन अमेरिका खंडांत व त्यांच्या लगतच्या बेटांवरच राहतात. गंमत अशी की, सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीच्या हमिंगबर्डसदृश पक्ष्याचे अश्मीभूत अवशेष जर्मनीत सापडले असून त्यांचे वर्णन २००४ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे एके काळी हे कुळ जुन्या जगातही नांदत होते. पुढे ते तेथून नाहीसे झाले. आज मात्र पांढुर्ण्याच्या परसात हमिंगबर्ड दिसणे शक्य नाही.

येथे दिसतो तो शिंजीर. सूर्यपक्षी असेही त्याचे एक नाव आहे, आणि हिंदी भाषक शेजारी त्याला शकरखोरा म्हणतात. शिंजिरांच्या कुळात सुमारे दीडशे जाती मोडतात व त्या आफ्रिका, दक्षिण आशिया आणि ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग एवढ्या प्रदेशात आढळतात. आपल्या परसातील जांभळा शिंजीर अरबस्तान व इराणपासून थेट व्हिएतनामपर्यंत राहतो. वंशावळीने पाहिले तर शिंजीर हा चिमणी, बुलबुल, कावळा यांच्या मोठ्या गणातला पक्षी आहे. हमिंगबर्डचे जवळचे आप्त पाकोळ्या होत. मग दोघे इतके सारखे का दिसतात? दोघांनीही आपला संसार फुलांतील मधावर मांडला आहे, हेच त्याचे कारण. खोल फुलाच्या तळाशी पोहोचावयाचे तर चोच लांब हवी, जीभ त्याहूनही लांब हवी, अंग हलके हवे. दोन दूरच्या गावांतील सुतारांनी एकमेकांस न पाहता एकाच कामासाठी एकसारखेच हत्यार घडवावे, तसा हा प्रकार आहे.

हत्यार सारखे असले तरी ते वापरण्याची रीत निराळी आहे, आणि पक्षी पाहणाऱ्याला खरी मौज या फरकात आहे. हमिंगबर्ड फुलासमोर हवेत स्थिर उभा राहतो. त्याचा पंख खांद्यापाशी असा फिरतो की, वर जातानाही आणि खाली येतानाही तो हवेचा आधार मिळवतो. लहान जातींत पंखांची ही फडफड सेकंदाला पन्नास-साठ वेळा, कधी त्याहूनही अधिक होते आणि तिच्याच गुंजारवामुळे या पक्ष्याला त्याचे इंग्रजी नाव मिळाले. तो मागेही उडू शकतो. शिंजिराला हे साधत नाही. क्षण-दोन क्षण तो फुलापुढे फडफडत राहील, पण त्याची खरी पसंती बसून खाण्याला. देठाला धरून तो उलटा लोंबकळतो, आडवा होतो, मान वाकडी करून चोच आत घालतो. शिंजीर फुलावर येऊन गेला हे कित्येकदा पक्षी दिसण्याआधी डहाळीच्या झोक्यावरून कळते.

सायंकाळी मात्र कधी कधी खरोखरच एक प्राणी फुलासमोर अधांतरी थांबलेला दिसतो. पंख दिसत नाहीत, नुसता धूसर पंखा भासतो आणि एक लांब नळी फुलात गेलेली असते. भारतात हमिंगबर्ड पाहिल्याचे जे दावे छातीठोकपणे केले जातात, त्यांपैकी बरेचसे याच्यामुळे होतात. हा पक्षीच नव्हे. मॅक्रोग्लोसम नावाच्या वंशातील हा पतंग आहे. टिपलेले छायाचित्र मोठे करून पाहावे. डोक्यावर दोन मिशा दिसल्या की वाद मिटतो.

शिंजिराच्या दृष्टीने पांढुर्णा-सौंसरचा मुलूख मोठा अनुकूल आहे. सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचा हा मराठी बोलणारा पट्टा एके काळी नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांतात होता. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा तो मध्य प्रदेशात राहिला, आणि छिंदवाडा जिल्ह्यातून निघून २०२३ च्या ऑक्टोबरात या दोन तालुक्यांचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. संत्र्यांच्या बागा हे या भूमीचे वैभव. नागपुरी संत्रा म्हणून बाजारात जे फळ ओळखले जाते, त्यातील कितीतरी या मातीतले असते. आंबिया बहाराची पांढरी, सुवासिक फुले थंडी सरताना उमलतात, त्यांवर मधमाश्या आणि असंख्य किडे जमतात. आणि जेथे किडे तेथे शिंजीर, कारण तो केवळ मधावर जगणारा पक्षी नव्हे. मध हे त्याचे इंधन आहे. अंग भरते ते कोळी आणि कीटक यांच्यावर.

पण त्याची खरी मेजवानी बागेबाहेर, नाल्याकाठी आणि धुऱ्यावर मांडलेली असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावरील झेंड्यासाठी पांढुर्णा व सावरगाव ही दोन गावे गोटमार करतात, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या दिवशीच्या पळसाकडे सारा मुलूख पाहतो. हाच पळस फाल्गुनात एकही पान अंगावर न ठेवता पेटून उठतो, तेव्हा त्याच्याकडे पाहावयास कोणी जात नाही. जातात ते पक्षी. मैना, कोतवाल, बुलबुल आणि त्या सर्वांत चपळ असा शिंजीर. पळसाच्या फुलाचा आकार पोपटाच्या चोचीसारखा बाकदार. मधापर्यंत पोहोचताना पक्ष्याच्या अंगाला पराग लागतो आणि पुढच्या झाडावर जाऊन तो फुलाला मिळतो. शिंजिराचा या कामातील वाटा मोठा आहे. काटेसावर, पांगारा, शेवगा हेही त्याचे ठरलेले मुक्काम. आंब्यावर वाढणारे बांडगूळ शेतकऱ्याला डोळ्यांसमोर नको असते, परंतु त्याच्या नळीसारख्या केशरी फुलांवर शिंजीर हटकून येतो.

डॉ. सालिम अली यांनी १९३२ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतातील फुलपक्षी आणि पक्षिपुष्पे यांवर एक विस्तृत लेख लिहिला होता. कोणता पक्षी कोणत्या फुलावर जातो आणि त्या भेटीत फुलाचा काय लाभ होतो, याचा तो हिशेबच होता. हा हिशेब प्रत्येक वेळी सचोटीचा असतो असे नाही. जास्वंदीच्या मोठ्या फुलात शिरण्याचे कष्ट न घेता शिंजीर पुष्कळदा देठापाशी, पाकळीच्या बुडाला भोक पाडून परस्पर मध काढून घेतो. परागाचा त्याला स्पर्शही होत नाही. परसातील जास्वंदीच्या बुडाशी बारीक छिद्रे दिसली, तर ती या सज्जनाची करणी असण्याचा संभव पुष्कळ आहे.

छायाचित्र घेणाऱ्याची पहिली निराशा रंगाच्या बाबतीत होते. डोळ्यांना जो पक्षी निळाजांभळा दिसला, तो चित्रात कोळशासारखा उमटतो. दोष यंत्राचा नसतो. त्या पिसांत निळे किंवा जांभळे रंगद्रव्य मुळी नाहीच. आहेत ते काळ्या द्रव्याचे अतिसूक्ष्म कण, आणि ते अशा थरांनी रचलेले की त्यांवरून परतणाऱ्या प्रकाशातील काही रंग उजळतात व काही मावळतात. मोराच्या पिसाऱ्याचे रहस्यही याच जातीचे आहे. कोन बदलला की रंग बदलतो, आणि विशिष्ट कोनाबाहेर तो नाहीसाच होतो. म्हणून सूर्य पाठीशी घेऊन, पक्ष्याच्या छातीवर ऊन पडेल अशा बाजूस उभे राहिले पाहिजे. सकाळी उन्हे तिरपी असताना हे साधते; बारा वाजता नाही.

हमिंगबर्डच्या पिसांतील हीच किमया उलगडून दाखविणाऱ्यांत एक नाव असे आहे की, ते वाचून आश्चर्य वाटावे. क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट हे अमेरिकेतील ड्यू पाँ या बलाढ्य रसायन-कंपनीचे अध्यक्ष होते. व्यवसायाने रसायन-अभियंता असलेल्या या गृहस्थांना हमिंगबर्डच्या छायाचित्रांचे वेड लागले. त्याआधी हॅरल्ड एजर्टन या अभियंत्याने क्षणमात्र लखलखणाऱ्या विजेच्या दिव्याने त्या पंखांची गती गोठवून दाखविली होती. ग्रीनवॉल्ट यांनी तसेच दिवे घेऊन जातीमागून जाती टिपल्या व १९६० साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षी सहकाऱ्यांसह लिहिलेल्या एका शोधनिबंधात त्यांनी त्या पिसांचा रंग कसा निर्माण होतो, हेही मांडले. छंद मन लावून केला तर तो कोठवर जातो, याचे हे उदाहरण. अर्थात अशी सामग्री सर्वांना कोठून लाभणार? आणि शिंजिरासाठी तिची गरजही नाही. तो बसतो. सेकंदाचा हजारावा भाग एवढी गती यंत्राला दिली तर बसलेला शिंजीर स्वच्छ उमटतो. शिवाय त्याच्या सवयी ठरलेल्या असतात. दर दहा-पंधरा मिनिटांनी तो त्याच फांदीवर, त्याच क्रमाने फुले तपासावयास येतो. त्याच्यामागे झाडाभोवती धावणारा हमखास हरतो. एक फांदी हेरून तीन-चार हातांवर खुर्ची टाकून बसणारा जिंकतो.

नर नटलेला असतो तो साधारणपणे हिवाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यापर्यंत. त्यानंतर त्याचा डामडौल उतरतो आणि तो मादीसारखाच वरून मातकट-हिरवा व पोटाकडून पिवळट दिसू लागतो. फक्त हनुवटीपासून पोटापर्यंत मध्यभागी एक गडद पट्टा राहतो. पुष्कळांना तो निराळीच जात वाटतो. वसंतातील नर भांडखोरही तेवढाच. आपल्या हद्दीत दुसरा नर त्याला खपत नाही, आणि खिडकीच्या काचेत वा दारी उभ्या केलेल्या मोटारसायकलच्या आरशात दिसणारा नर तर मुळीच खपत नाही. तासन्‌तास तो त्या प्रतिबिंबाला चोची मारीत राहतो. छायाचित्र घेणाऱ्याला हे दृश्य फार आवडते, पण पक्ष्याचे यात बळ वाया जाते. आरशावर एक जुने फडके बांधले म्हणजे तंटा मिटतो.

यापुढचा भाग मादीचा, आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. घरटे ती बांधते. फाल्गुन-चैत्रात वळचणीची, खिडकीच्या कोपऱ्यांतील कोळ्यांची जाळी चोचीत गुंडाळून नेणारी पिवळसर चिमुकली मादी नीट लक्ष दिल्यास दिसते. हे जाळे म्हणजे तिचा चुना आणि दोरा. गवताच्या काड्या, सालीचे तुकडे, सुकी पाने, अळ्यांच्या विष्ठेचे कण हे सारे त्याने जोडून ती एक लांबट थैली लोंबती ठेवते. बाजूला दार असते आणि दारावर छज्जासारखा लहानसा आडोसा. दुरून पाहावे तर वाऱ्याने अडकलेला कचराच. हेच तिचे संरक्षण. जागा निवडताना मात्र तिला माणसांचा संकोच वाटत नाही. बोगनवेलीची खालची फांदी, ओसरीतील विजेची तार, कपडे वाळत घालावयाची दोरी, काहीही चालते. ज्या घरातील गृहिणी पाडव्याची साफसफाई करताना बाहेरच्या वळचणीची थोडी जळमटे राहू देईल, तिच्या परसात शिंजिराच्या मादीची सोय होते.

अंडी बहुधा दोन. ती उबविते एकटी मादी, सुमारे दोन आठवडे. पिले निघाल्यावर नर भरविण्यास हात लावतो आणि आणखी सुमारे दोन आठवड्यांत पिले उडून जातात. म्हणजे सारा मामला एका महिन्याचा. पण हा महिना चैत्र-वैशाखाचा असतो, आणि या भागात तेव्हा पारा चाळिशीच्या वर जातो. घरट्यापुढची चार पाने चित्रात आड येतात म्हणून ती बाजूला बांधली किंवा तोडली, तर दुपारचे ऊन थेट त्या थैलीवर पडते. टकाचोर आणि कावळा यांनाही ती तत्काळ दिसते. फोन हाती घेऊन कोणी घरट्यापाशी अर्धा तास ठाण मांडले, तर चोचीत किडा धरून मादी समोरच्या तारेवर अस्वस्थपणे चिवचिवत राहते. त्या अर्ध्या तासात पिलांना अन्न मिळत नाही. पाहणाऱ्याला वाटते, ती गाते आहे. एकाने पाहून गेल्यावर दुसरा येतो, शेजारची मुले येतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरटे रिकामे लोंबताना दिसते. त्या चित्रांखाली कौतुकाचे शब्द तेवढे उरतात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची जी व्याख्या केली आहे, तीत संरक्षित पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना त्रास देणे याचाही समावेश होतो, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. कायद्याचा धाक घालून परसातील मुलांना पक्षिप्रेम शिकविता येणार नाही, हेही खरे. त्यांना अंतर शिकवावे. मादी न कचरता घरट्यात जाते-येते तेवढे अंतर पुरेसे; ती दाराशी येऊन मागे फिरली तर पाहणारा फार जवळ आहे असे समजावे. दिव्याचा लखलखाट घरट्यावर कधीही टाकू नये. आणि घरट्याचे चित्र प्रसिद्ध करावयाचेच असेल, तर पिले उडाल्यावर करावे.

संत्राबागेच्या मालकाला आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागेल. संत्र्याला कोवळी पालवी फुटली की सिला, पाने पोखरणारी अळी यांसाठी फवारणी होते. पिकाचे रक्षण त्याला केलेच पाहिजे. कर्जाचे हप्ते पक्षी भरत नाहीत. परंतु शिंजिराची पिले मधावर वाढत नाहीत, ती वाढतात मऊ अळ्या, बारीक किडे आणि कोळी यांवर. ज्या बागेत गरज असो नसो, ठरल्या वाराला पंप चालतो, तेथे मादीला त्याच फांद्यांवर अन्न सापडत नाही किंवा विषारी अन्न सापडते. कीड मोजून, तिची पातळी पाहून फवारावे, असा सल्ला कृषिशास्त्रज्ञ खर्च वाचविण्यासाठी देतात. तो पाळला तर कुंपणावरच्या घरट्याचाही त्यात लाभ होतो.

अमेरिकेत घरोघरी हमिंगबर्डसाठी साखरपाण्याच्या बाटल्या टांगतात. त्यांची चित्रे पाहून येथेही तशा बाटल्या आणण्याची हौस काहींना होते. चार भाग पाण्यात एक भाग साखर, रंग नाही, मध नाही, असा तिकडचा प्रघात आहे, आणि उष्ण दिवसांत ते पाणी रोज किंवा एक दिवसाआड बदलून बाटली धुवावी लागते. पांढुर्ण्याच्या मे महिन्यात हे पाणी किती लवकर आंबेल, याची कल्पना करावी. शिवाय कोळी आणि अळी बाटलीत मिळत नाही. त्यापेक्षा वऱ्हाड-नागपूरकडे जिला सांदवाडी म्हणतात, त्या घरामागच्या जागेत एक जास्वंद, एक शेवगा, थोडी कर्दळ आणि कुंपणाला अबोली लावणे स्वस्त आणि टिकाऊ. झाडांना पाणी घालताना रुंद पानांवर थेंब साचू द्यावेत. सकाळी शिंजीर त्या ओल्या पानांवर अंग घासून न्हातो, आणि पिसे फुलवून वाळवीत बसतो. अशा वेळी त्याच्या छातीच्या दोन्ही बाजूंस, पंखाखाली दडलेला पिवळा-तांबडा पिसांचा झुबका उघडा पडलेला दिसतो. एरवी तो प्रणयाराधनाच्या वा भांडणाच्या वेळीच दिसतो, आणि कित्येक वर्षे शिंजीर पाहणाऱ्यांच्याही तो ध्यानात आलेला नसतो.

ज्येष्ठात पहिले ढग येतात तोवर बहुतेक घरटी रिती होतात. बाहेर पडलेली पिले आणखी काही दिवस त्याच झुडपांत आईमागे ओरडत फिरतात. त्यांची चोच अजून आखूड असते, शेपूट पुरती फुटलेली नसते, आणि फुलात चोच कोठून घालावी हे त्यांना नीट उमगलेले नसते. या दिवसांत सावकाशीने, हवी तेवढी चित्रे घ्यावीत. ती पळून जात नाहीत.